'असू दे'चं ओझं : गोव्यात पायी हिंडणाऱ्यांनी हलका कॅमेरा कसा निवडावा

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागली की आधी दुचाक्या आत घुसतात, मग पायी जाणारे. एकदा मी पाठीवर फुगलेली सॅक, गळ्यात कॅमेरा आणि हातात छत्री अशा थाटात चोडणच्या बोटीत चढलो. दोर ओढणाऱ्या खलाशाने मला वर-खाली न्याहाळलं आणि कोकणीत विचारलं, "काका, मुक्कामाला चाललात?" मी चाललो होतो सलीम अली पक्षी अभयारण्यात, दोन तासांसाठी. अभयारण्य आहे जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं.

घरी आल्यावर मी ती सॅक तशीच्या तशी काट्यावर ठेवली. साडेपाच किलो भरली. मग एकेक वस्तू बाहेर काढली. कॅनन ५डी मार्क फोर ८९० ग्रॅम, २४-७० एफ/२.८ लेन्स ८०५ ग्रॅम, ७०-२०० एफ/२.८ जवळजवळ दीड किलो. इथेच सव्वातीन किलोच्या आसपास झाले. वर फ्लॅश, चार्जर, फिल्टरच्या डब्या, पाण्याची बाटली आणि स्वतः सॅक. त्या दिवशी मी एकच लेन्स वापरली होती. बाकीचं सगळं ज्या कारणाने भरलं होतं ते कारण दोन शब्दांचं आहे: "असू दे." लग्नाला जाताना स्वेटर असू दे, प्रवासात जादा चादर असू दे, तसा फ्लॅश असू दे. माझी मान दुखायची ती कॅमेऱ्याने नव्हे, या 'असू दे'ने.

म्हणून नव्याने कॅमेरा घेणाऱ्यांसाठी, किंवा जुनं धूड बदलू पाहणाऱ्यांसाठी, हे चार शब्द. कुठला कॅमेरा 'सर्वोत्तम' हे मी सांगणार नाही. तुमच्या खांद्याला किती झेपतं, हे आधी ठरवू आणि मग दुकानात जाऊ.

पहिली पायरी : बाटल्यांची चाचणी

ज्यांच्याकडे काहीच सामान नाही, त्यांना वजनाचे आकडे वाचून काही कळत नाही. ५०० ग्रॅम म्हणजे किती? सोललेला एक नारळ. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण तोच नारळ दोरीला बांधून तीन तास गळ्यात अडकवा, म्हणजे समजेल.

खर्च न करता हे करून बघता येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा आहे. घरातल्या झोळीत किंवा छोट्या बॅगेत अर्ध्या लिटरची एक भरलेली बाटली ठेवा. हे झालं छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि सोबत येणारी लेन्स यांचं वजन. दुसऱ्या दिवशी एक लिटर ठेवा, म्हणजे मध्यम कॅमेरा आणि दोन लेन्स. तिसऱ्या दिवशी तीन लिटर, म्हणजे माझी जुनी सॅक, तीही 'असू दे' वगळून.

आणि चाला. पणजीत असाल तर कदंब बसस्थानकापासून निघा, पाटोचा पूल ओलांडून फोंताइन्हासमध्ये शिरा, ३१ जानेवारी रस्त्याने मळ्यापर्यंत जा, तिथून मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढा आणि आल्तिन्यावरून उतरून बाजारात या. अंतर फार नाही, पण चढ आहे, ऊन आहे आणि घाम आहे. फोटो काढायला जाणारा माणूस सरळ चालत नाही. तो थांबतो, वाकतो, मागे फिरतो, एका दारासमोर पाच मिनिटं ताटकळतो. चाचणीतही तसंच चाला. मे महिन्यात केलीत तर फारच उत्तम. डिसेंबरातल्या सकाळी झेपलेलं वजन मे महिन्यात झेपत नाही, हे मी पैसे घालवून शिकलोय.

बाजारात पोचल्यावर स्वतःला विचारा: अजून एक गल्ली फिरावीशी वाटते का? वाटत असेल तर ते तुमचं वजन. "कुठेतरी बसून चहा घेऊ" असं आधी वाटलं, तर अर्धा लिटर कमी करा. बहुतेकांचा आकडा ६०० ते ९०० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी येतो, असा माझा अनुभव. तो आकडा कागदावर लिहा. पुढे दुकानदार काहीही म्हणाला तरी हा कागद खिशात असू दे. (ही एकच 'असू दे' मला मान्य आहे.)

ज्यांच्याकडे आधीच कॅमेरा आहे, त्यांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक वस्तू ठेवून यादी करावी. रिकामी बॅगही तोला. जाड फोमच्या कित्येक बॅगा रिकाम्याच सव्वा-दीड किलोच्या असतात. कॅमेरा हलका घ्यायला निघालेला माणूस बॅगेकडे बघतच नाही.

दुसरी पायरी : तुम्ही खरोखर कसले फोटो काढता

इथे मनाला विचारू नका, फोनला विचारा. गेल्या वर्षभराचे फोटो चाळा. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या रुंद दृश्याचा असतो. (हा मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळचं.) तुमचे बहुतेक आवडते फोटो तसेच, न झूम करता काढलेले असतील, तर तुम्हाला लांब पल्ल्याच्या लेन्सची गरज नाही, कितीही वाटलं तरी. दर दुसऱ्या फोटोत बोटांनी चित्र ताणून माणसांचे चेहरे जवळ आणत असाल, तर ५० मिमीच्या आसपासची लेन्स तुमची. समुद्रावरची ब्राह्मणी घार नाहीतर तारेवरचा खंड्या पकडायचा प्रयत्न करून दर वेळी काळा ठिपका मिळत असेल, तर मग मोठ्या झूमचा विचार करा. कॅमेरा आधीपासून असेल तर प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ लिहिलेली असते. शंभर फोटोंची नोंद करा. माझ्या शंभरातले सत्तरच्या वर २८ ते ४० मिमीच्या दरम्यान निघाले. दीड किलोची ७०-२०० मी वर्षभर नुसती फिरवून आणत होतो.

फोनवरच भागतं असं या पायरीवर लक्षात आलं, तर तिथेच थांबा. उन्हातले देखावे, जेवणाची ताटं, घरचे समारंभ यांत आजचा चांगला फोन कुठेच कमी पडत नाही. तो कमी पडतो संध्याकाळी हलणाऱ्या माणसांपाशी, लांबच्या पक्ष्यापाशी आणि मोठ्या छपाईत.

तिसरी पायरी : सेन्सर किती मोठा

वजनाचं मूळ इथे, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या या चिपमध्ये, आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा. त्याच्याहून लहान एपीएस-सी, जो आज बहुतेक नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांत असतो. त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ × १३ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या जवळपास पाव. ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी ही पद्धत २००८मध्ये आणली, ती मुळात कॅमेरा छोटा करण्यासाठीच.

लोक फसतात ते कुठे, तर "मिररलेस म्हणजे हलका" या समजुतीत. आरसा काढल्याने कॅमेऱ्याचं खोकं पातळ होतं हे खरं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात, लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर ४४ मिमी मागे असतो, सोनीच्या मिररलेसमध्ये १८ मिमी. पण लेन्समधली काच त्याने पातळ होत नाही. सोनी ए७ फोर हा ६५८ ग्रॅमचा फुल फ्रेम मिररलेस, त्याला २४-७० एफ/२.८ची नवी जीएम (सोनीची वरच्या दर्जाची) लेन्स लावली की ६९५ ग्रॅमची भर. झाला सव्वा किलोच्या पुढे. डीएसएलआर विकून हा घेणाऱ्याची मान तितकीच दुखते, फक्त बँकेतली शिल्लक हलकी होते.

लहान सेन्सरची किंमत कुठे मोजावी लागते तेही सांगतो. दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर निघतात, तेव्हा उजेड म्हणजे रंगीत दिवे आणि मोबाइलचे टॉर्च. तिथे मायक्रो फोर थर्ड्सच्या फोटोत फुल फ्रेमपेक्षा दाणे लवकर दिसू लागतात. दोन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि तो लपत नाही. पार्श्वभूमी लोण्यासारखी धूसरही तितकी होत नाही. ज्यांचं पोट लग्नांच्या फोटोंवर आहे त्यांनी हे मनावर घ्यावं. बाकीच्यांना चांगली एफ/१.७ किंवा एफ/१.८ची छोटी लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) लावून नरकासुरही जमतो.

चौथी पायरी : लेन्स, आणि इथे घाई नको

लेन्स जड का होते याचं गणित चौथीच्या मुलालाही कळेल. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याचं भोक किती मोठं हवं ते मिळतं. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिमी. एवढी रुंद काच, तीही एक नव्हे, वीस-बावीस भिंगांच्या ओळीत पहिली. आता १५० भागिले ५.६ करा: २७ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सवर १५० मिमीचं दृश्य फुल फ्रेमवरच्या ३०० मिमीइतकं जवळचं दिसतं. म्हणून ऑलिंपसची ४०-१५० एफ/४-५.६ लेन्स आहे फक्त १९० ग्रॅमची. दिवसाउजेडी देवळाच्या शिखरावरचा कळस किंवा दीपस्तंभावरचं पारव्यांचं बिऱ्हाड टिपायला ती पुष्कळ आहे.

पक्ष्यांचंच उदाहरण पुरतं घेऊ, कारण हलकं सामान या विषयात पक्षीप्रेमी सगळ्यांत जास्त भरडले जातात. निकॉनची लोकप्रिय २००-५०० एफ/५.६ लेन्स तिपाईला जोडायच्या कड्यासह २३०० ग्रॅम. ऑलिंपसची ७५-३०० लेन्स ४२३ ग्रॅम आणि तिच्या टोकाचं दृश्य फुल फ्रेमच्या ६०० मिमीइतकं. सव्वादोन किलोसमोर पावशेर-अर्धा शेर. मग सगळे तीच का घेत नाहीत? तिचं टोकाचं भोक एफ/६.७. पहाटे खारफुटीच्या सावलीत खंड्या बसला असेल तर शटर हळू पडतं आणि फोटो हलतो. साडेसातच्या पुढे ऊन पसरलं की मात्र काम चोख. मी आता चोडणला पहिल्या फेरीने जात नाही, नाश्ता करून जातो. काही पक्षी हुकतात, पण मान फिरते.

नवशिक्याने पहिली लेन्स कुठली घ्यावी? कॅमेऱ्यासोबत येणारी छोटी झूम नावं ठेवण्याइतकी वाईट नाही. कॅनन आर५० हा ३७५ ग्रॅमचा, त्याची १८-४५ झूम १३० ग्रॅमची. सोनी ए६४०० हा ४०३ ग्रॅमचा, १६-५० पॉवर झूम ११६ ग्रॅमची. निकॉन झेड५० बॅटरी-कार्डासह ४५० ग्रॅमचा, १६-५० झूम १३५ ग्रॅमची. तिन्ही जोड्या ५०० ते ६०० ग्रॅमच्या आत, म्हणजे आपल्या पहिल्या बाटलीएवढ्या. सहा महिने याच्यावर काढा.

त्यानंतर एक पॅनकेक. पोईसारखी चपटी, झूम नसलेली लेन्स. फुजीफिल्मची २७ मिमी एफ/२.८ ही ८४ ग्रॅमची, पॅनासोनिकची जुनी २० मिमी एफ/१.७ १०० ग्रॅमची, कॅननची आरएफ २८ मिमी एफ/२.८ १२० ग्रॅमची. कॅमेऱ्यावर चढवली की सगळा ऐवज झोळीत सपाट मावतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या राशी आणि चौरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा यांच्यामधून वाट काढताना लांब सोंडेची लेन्स कुणाच्या तरी टोपलीत जातेच. पॅनकेक जात नाही. शिवाय समोरची बाई मोठी सोंड पाहून पदर सावरते किंवा तोंड फिरवते, छोट्या कॅमेऱ्यापुढे बोलत राहते. विचारून फोटो काढायचा शिष्टाचार मात्र कॅमेरा छोटा म्हणून सुटत नाही. फोंताइन्हासमधल्या घरांत माणसं राहतात, आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसून पोज देणाऱ्यांचा त्यांना वीट आलाय. देवळात गर्भागाराकडे कॅमेरा रोखण्याआधी पाटी वाचा, पाटी नसेल तर भटजींना विचारा.

एपीएस-सी सेन्सरचा जुना कॅनन डीएसएलआर घरात असेल तर लगेच विकू नका. ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ ही १२५ ग्रॅमची पॅनकेक त्याला लावा. २००डी टूवर ती चढवली तर सगळं मिळून पावणेसहाशे ग्रॅम होतात. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. (माझ्या ५डीसारख्या फुल फ्रेमवर मात्र ती बसत नाही.)

माझी हल्लीची झोळी अशी: ऑलिंपस ई-एम१० मार्क फोर ३८३ ग्रॅम, ती २० मिमी १०० ग्रॅम, ती ४०-१५० १९० ग्रॅम. बेरीज ६७३. पूर्वीच्या सॅकेतली नुसती २४-७० लेन्स याहून जड होती.

पाचवी पायरी : हातात घेऊन बघणे

अति हलकाही वाईट. पकड नसलेला चपटा कॅमेरा घामेजल्या हातातून निसटतो आणि करंगळी हवेत लोंबकळते. दुकानात दोन मिनिटं नव्हे, दहा मिनिटं धरा. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून बघा. काही छोट्या कॅमेऱ्यांना डोळा लावायची खिडकीच नसते: निकॉन झेड३०ला नाही, रिको जीआर थ्रीलाही नाही. एप्रिलमध्ये मिरामारच्या वाळूवर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही, अंदाजाने दाबावं लागतं.

तरी रिको जीआर थ्रीबद्दल माझं मन हळवं आहे. बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, आत एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीच्या दृश्याची स्थिर लेन्स, आणि खरोखर शर्टाच्या खिशात मावतो. उणं एवढंच की पाणी-धुळीपासून त्याला संरक्षण नाही आणि बॅटरी अधिकृत मोजणीनुसार सुमारे २०० फोटोंत संपते. जोड-बॅटरी घ्या. ती चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आतलीच, 'असू दे'त मोडत नाही. काही नवे कॅमेरे पॉवर बँकवरही चार्ज होतात, तेव्हा चार्जर घरीच ठेवता येतो.

थरथर सावरणारी यंत्रणा कॅमेऱ्यातच आहे का, हेही विचारून घ्या. ई-एम१० मार्क फोर आणि जीआर थ्रीमध्ये आहे. ए६४००, आर५०, झेड५० यांत नाही. ती असली की तिपाई घरी राहते, म्हणजे एक-दीड किलो वाचलं. मंगेशीला सोमवारी पालखी निघते तेव्हा देवळाची रोषणाई हातात कॅमेरा धरून टिपता येते. चालती पालखी मात्र धूसर येणारच, कारण यंत्रणा तुमचा हात सावरते, भोयांचे पाय नाही. तिथे एफ/१.८च लागते.

सहावी पायरी : पट्टा आणि झोळी

कॅमेऱ्यासोबत फुकट मिळणारा पट्टा पेटीतच ठेवा. तो अरुंद असतो, मानेत रुततो आणि वर कंपनीचं नाव मिरवतो. गळ्यात सरळ लटकलेलं वजन मानेला पुढे ओढतं आणि मागचे स्नायू ते दिवसभर तोलून धरतात. तेच वजन एका खांद्यावरून तिरकं, विरुद्ध कमरेशी घेतलं तर धडावर पसरतं. साधारण चार सेंटिमीटर रुंद, मऊ विणीचा नायलॉनचा पट्टा घ्या, लांबी कमी-जास्त होणारा. चामड्याचा दिसतो छान, पण आपल्याकडे जुलै संपेपर्यंत त्याच्यावर पांढरी बुरशी चढते. अर्ध्या किलोच्या आतल्या कॅमेऱ्याला नुसता मनगटाचा पट्टाही चालतो.

बॅगेच्या बाबतीत माझं मत थोडं आडमुठं आहे. 'कॅमेरा बॅग' म्हणून विकली जाणारी वस्तू घेऊच नका. फोमचा सुटा कप्पा वेगळा मिळतो, तो रोजच्या कापडी झोळीत बसवा. तीन ते पाच लिटरची झोळी पुरे. मोठी घेतली तर ती भरते, हा बॅगांचा स्वभाव आहे. पाठीवरची सॅक दमट हवेत पाठ भिजवते आणि कॅमेरा काढायला दर वेळी उतरवावी लागते, म्हणून अर्ध्या वेळी आपण तो काढतच नाही.

स्कूटरवर किंवा पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसताना झोळी पुढे पोटाशी घ्या. मागे ठेवली तर वळणावर झोका घेते. सीटखालच्या डिकीत कॅमेरा ठेवून समुद्रावर जेवायला बसू नका. उन्हात तिथे भट्टी होते.

सातवी पायरी : दमट हवा, पाऊस, खारा वारा

हलकं सामान घ्यायचं आणखी एक कारण गोव्यात आहे, आणि त्याचा खांद्याशी संबंध नाही: बुरशी. पावसाळ्यात घरातली हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. न वापरलेली लेन्स कपाटाच्या अंधारात पडून असते, आणि गणपतीच्या सुमारास बघावं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. माझी एक जुनी पोर्ट्रेट लेन्स अशीच गेली. चामडी डबीत, नीट जपून ठेवलेली. जपूनच तर मारली मी तिला. चामडं ओल धरून ठेवतं. जितक्या लेन्स जास्त, तितक्या न वापरता पडून राहणार, आणि तितकी बुरशीची चंगळ. दोन लेन्स आलटून-पालटून रोज बाहेर निघाल्या की त्यांना वारा-उजेड लागतो.

ठेवायला महागडं कपाट नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा मोजणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांवर हवा. फार खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजा. मंद आचेवर तापवून पुन्हा निळे होतात. सामान वाढलं तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. पण सामान वाढवू नये म्हणूनच तर हा लेख.

दुसरी भानगड वातानुकूलित खोलीची. पाहुणे हमखास इथे फसतात. रात्रभर एसीत थंड झालेला कॅमेरा सकाळी बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं, आणि पुसलं तरी पुन्हा बसतं. खोलीतून निघताना कॅमेरा झोळीत बंद ठेवा, वीस-तीस मिनिटं झोळीतच गरम होऊ द्या, मग काढा. तोवर भाजी-पाव खाऊन होतो.

पावसात काढायचेच असतील तर संरक्षित कॅमेरा बघा. ओएम-५ हा ऑलिंपसच्याच वंशातला ४१४ ग्रॅमचा कॅमेरा आयपी५३ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारा) आहे, आणि १२-४५ मिमी एफ/४ प्रो ही २५४ ग्रॅमची लेन्सही तशीच बंदिस्त. दोन्ही मिळून ६६८ ग्रॅम. एवढ्या वजनात ओल्या सत्तरीत किंवा तांबडी सुर्लाच्या महादेवापर्यंत निर्धास्त जाता येतं. लेन्स बंदिस्त नसेल तर नुसत्या कॅमेऱ्याच्या दर्जाला अर्थ नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. बाकीच्यांनी प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि लेन्ससाठी पुढे भोक, ही देशी युक्ती करावी. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या पुढच्या मैदानात चिखलकाला होतो. तिथे मैदानात उतरायचं असेल तर कॅमेरा घरी, फोन पाण्याच्या पाकिटात. कडेला उभं राहायचं असेल तर लांब झूम, आणि तरीही पिशवी.

समुद्रावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. खार नुसत्या कोरड्या कापडाने जात नाही.

आठवी पायरी : विकत घेणे

आधी भाड्याने घेऊन एक शनिवार-रविवार फिरा, जमत असेल तर. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, असतो. गर्दी, पाऊस, चढ, बोटीची रांग, सगळी परीक्षा एका दिवसात होते.

कंपनी ठरवताना दुरुस्ती कुठे होते ते विचारा. कॅमेरा राज्याबाहेर पाठवावा लागणार असेल तर किती दिवस लागतात, हेही. हलक्या कॅमेऱ्यांत मला मायक्रो फोर थर्ड्स आवडतात, पण तुमच्या शहरातल्या दुकानात त्यांचं सामान मिळत नसेल तर आर५० किंवा ए६४०० घेतलेले बरे.

छोट्या लेन्स जुन्या घ्यायला हरकत नाही, पण किनाऱ्याकाठच्या घरातली लेन्स उजेडात बघून घ्या. झाकणं दोन्हीकडची काढा, मागून फोनचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून आत पाहा. धुळीचे चार कण चालतात. धागे किंवा दुधट डाग दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी नको, कारण ती तुमच्या डब्यात दुसऱ्या लेन्सच्या शेजारीच राहणार. स्क्रूंवर हिरवट थर असेल तर खारं पाणी लागलेलं आहे. विकणारा म्हणाला, "टॉर्च कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?", तर हसून झाकण लावा आणि लेन्स परत द्या.